मँटिस गेल्यावर पुढचा कोणता? सांभाळायला सोपी जात निवडण्याची रीत

मँटिस, म्हणजे प्रार्थना कीटक, पाळला की तो एक दिवस जाणार, हे ठरलेलंच असतं. प्रार्थना कीटकांच्या बहुतेक जाती अंड्यातून बाहेर पडल्यापासून वर्षभराच्या आसपास जगतात. मादी थोडी जास्त टिकते, नर पंख फुटल्यावर काही आठवडे ते दोन-तीन महिन्यांत आटोपतो. तरीही रिकामी बरणी बघवत नाही, कारण मान वळवून माणसाकडे रोखून बघणारे किडे फार नाहीत. ‘एवढ्याशा किड्याचं काय वाईट वाटायचं?’ असं विचारणाऱ्यांना उत्तर देत बसू नका.

दुसरा आणायचं ठरलं की ‘सोपा कोणता?’ हा प्रश्न येतो आणि त्यावर तीन-चार जातींची ठरावीक यादी ऐकायला मिळते. ती यादी खालीही आहे, पण ती जरा पुढे वापरायची. सोपा मँटिस म्हणजे तुमच्या हातून होणाऱ्या चुका पोटात घालणारा मँटिस, आणि प्रत्येकाच्या चुका वेगळ्या असतात. कुणी पाणी फवारायला विसरतं, कुणाची खोली रात्री गारठते, कुणाला जिवंत माशा सतत मिळवणं जमत नाही. म्हणून सुरुवात गेलेल्या मँटिसपासून करायची.

पायरी १ : आधीचा कशाने गेला ते ठरवा

हे अप्रिय काम आहे आणि बहुतेक जण ते टाळतात. पण कारण तेच राहिलं तर दुसरी जात आणूनही निकाल तोच लागेल.

आधी वय बघा. त्याला पंख आले होते का? पंख आले म्हणजे शेवटची कात टाकून झाली, तो प्रौढ झाला. (काही जातींच्या माद्यांचे पंख आखूडच असतात, तेवढं लक्षात असू द्या.) प्रौढ होऊन काही महिने उलटले होते, हळूहळू खाणं कमी झालं, छताला धरलेली पकड सुटू लागली, पायांची टोकं झडली, डोळ्यांवर कायमचे काळपट डाग आले, असं चित्र असेल तर तो म्हातारपणाने गेला. तुमचं काही चुकलं नाही. तीच जात पुन्हा आणलीत तरी हरकत नाही, आणि मला विचाराल तर आणावीच. जी जात तुमच्या घरात पूर्ण आयुष्य जगली, तिच्याहून सोपी जात तुमच्यासाठी कुठली?

कात टाकताना गेला असेल तर गोष्ट वेगळी. अर्धी कात अंगावर, वाकडे झालेले पाय, किंवा सकाळी तळाशी पडलेला मऊ, फिकट देह. पाळलेल्या मँटिसची पिल्लं मरण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. मँटिस उलटा लटकून जुन्या कातडीतून खाली सरकतो. त्याला वर घट्ट धरायला खडबडीत जागा हवी, खाली त्याच्या पूर्ण लांबीपेक्षा जास्त मोकळी जागा हवी आणि हवेत पुरेसा ओलावा हवा. गुळगुळीत प्लास्टिकचं झाकण, बुटकी बरणी किंवा कोरडी हवा, यांपैकी एक तरी सहसा सापडतंच. चौथं कारण विसरलं जातं : बरणीत राहिलेला रातकिडा. कात टाकणारा मँटिस पूर्ण असहाय असतो. रातकिडा त्याला धक्का मारून पाडतो, कधी कधी कुरतडूनही खातो.

तोंडातून काळा, घाण वासाचा द्रव आला होता का? बरणीच्या भिंतीवर तसे डाग होते का? मग संशय आतड्याच्या संसर्गावर घ्या. घाणीत वाढलेलं खाद्य आणि सदा ओली, कोंदट बरणी ही जोडी त्यामागे बहुधा असते. इथे एक गैरसमज मोडायला हवा. ओलावा हवा म्हणून झाकण बंद करून भिजवत राहणं हे कोरडेपणाइतकंच वाईट आहे. फवारलेलं पाणी काही तासांत वाळलं पाहिजे.

पोट चपटं, सुरकुतलेलं, हालचाल मंद, तर तहान किंवा भूक. उलट पोट फुग्यासारखं टम्म असताना उंचावरून पडला, तर ते फुटू शकतं. धडधाकट मँटिस अचानक थरथरत, पाय झाडत गेला, तर घरात कुठला फवारा मारला होता ते आठवा. डास-झुरळांची औषधं, मच्छरांची कॉइल किंवा लिक्विड, कुत्र्या-मांजराच्या अंगावरच्या पिसवांची औषधं, सगळी किड्यांना मारायलाच बनवलेली असतात. पाळलेला किडा त्यांना वेगळा ओळखू येत नाही. बाहेरून पकडून आणलेली माशी आधीच औषध खाऊन आलेली असू शकते, हाही एक रस्ता.

आणि अगदी लहान पिल्लू, अंड्यातून निघून एक-दोनच काती टाकलेलं, काही कळायच्या आत मेलं असेल, तर फार खोलात जाऊ नका. एका अंडीकोषातून जातीप्रमाणे काही डझन ते दोनशेवर पिल्लं निघतात, कारण त्यातली बहुतेक जगणारच नसतात.

जाता जाता : डोळ्यातला जो काळा ठिपका तुम्ही हलाल तसा तुमच्यामागे फिरतो तो आजार नाही, संयुक्त डोळ्यातला तो प्रकाशाचा खेळ आहे. रात्री सगळे डोळे काळे होतात तेही नैसर्गिक. जागचा न हलणारा, एकाच जागी घासल्यासारखा डाग मात्र खरा.

पायरी २ : जुनं घर रिकामं करा

तळाचा थर, काटक्या, वाळलेली पानं टाकून द्या. बरणी गरम पाण्याने आणि थोड्या भांडी घासायच्या साबणाने धुवा, वास पूर्ण जाईपर्यंत खळबळा आणि नीट वाळवा. संसर्गाची शंका असेल तर कापडी जाळीही बदला. सुगंधी जंतुनाशक वापरू नका.

पायरी ३ : खोली आणि खाद्य, दोन्हींचा हिशेब घ्या

जिथे बरणी ठेवणार तिथे साधा थर्मामीटर आणि आर्द्रतामापक आठवडाभर ठेवा. दिवसाचा आकडा आणि पहाटेचा आकडा, दोन्ही लिहा. दिवसा २२ ते २८ अंश सेल्सिअस आणि रात्री १८च्या खाली नाही, असं असेल तर बहुतेक सोप्या जाती कुठल्याही दिव्याशिवाय राहतात. हा आकडा जमत नसेल, तर आधी उष्णतेची सोय करा आणि मगच मँटिस आणा. तापवायची चटई लावायची झाली तर बाजूच्या भिंतीला लावा. खालून तापवल्याने तळ भाजतो आणि ओलावा उडून जातो.

खाद्याचा प्रश्न याहून मोठा. मँटिस जिवंत, हलणारी शिकारच धरतो. छोट्या पिल्लाला फळमाशा लागतात, पाळायला मिळतात त्या न उडणाऱ्या. त्यांत दोन प्रकार : बारीक ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर आणि थोडी मोठी ड्रॉसोफिला हायडी. पहिलीची नवी पिढी उबदार खोलीत साधारण दोन आठवड्यांत तयार होते, दुसरीला तीन-चार आठवडे लागतात. म्हणजे पिल्लू आणायच्या आधीच माशा वाढवायची बाटली लावून ठेवायला हवी, आणि एक संपत आली की दुसरी चालू असायला हवी. ‘लगेच दुसरा आणू का, थोडं थांबू?’ असा प्रश्न मनात असेल, तर माशांची पहिली बाटली भरेपर्यंत थांबा. घर वाळवायला आणि तापमान मोजायलाही तेवढा वेळ मिळतो.

फळमाशांचा खटाटोप अजिबात नको असेल, तर ते स्वतःशी मान्य करा आणि मोठं पिल्लू घ्या. तीन-चार काती टाकलेलं, मोठ्या जातीचं पिल्लू घरमाशी, छोटा रातकिडा किंवा खाद्यासाठी वाढवलेल्या झुरळाचं पिल्लू खातं. झुरळं रातकिड्यांपेक्षा बरी, असं माझं मत : वास कमी, किरकिर नाही, आणि झोपलेल्या मँटिसला त्रास देत नाहीत. फक्त ती तळाशी दडून बसतात, म्हणून चिमट्याने समोर धरावी लागतात.

पायरी ४ : जात निवडा

सर्वांत क्षमाशील जात एकच सांगा म्हटलं तर मी महाकाय आशियाई मँटिसचं नाव घेईन, हिएरोडुला मेम्ब्रेनेसिया. दक्षिण आणि आग्नेय आशियातली ही जात. मादी आठ-नऊ सेंटीमीटरची होते. खोलीच्या साध्या तापमानात राहते, समोर आलेलं जवळजवळ काहीही धरते, मेलेला किडा चिमट्याने हलवून दाखवला तर तोही घेते. एखादा दिवस फवारा चुकला तरी कोलमडत नाही. ती धीट आहे, लपून बसत नाही, त्यामुळे तिची तब्येत दिसत राहते. नवख्यासाठी हा गुण फार मोठा. लाजऱ्या मँटिसचं काही बिनसलंय हे कळायलाच दोन-तीन दिवस जातात. खोट एकच. भूक दांडगी असल्याने लाडात जास्त खायला घातलं जातं. आणि ती बोटाला शिकार समजली तर पुढच्या पायांचे काटे चांगलेच टोचतात. विष वगैरे काही नसतं.

तिच्या खालोखाल आफ्रिकी मँटिस, म्हणजे स्फोड्रोमँटिस वंशातला. दिसायला जवळपास तसाच, हिरवा किंवा तपकिरी, दणकट. हवा जरा कोरडी असेल तर याचा विचार आधी करा. हिएरोडुला आणि हा यांच्यात डोकं खाजवत बसू नका. ज्याचं निरोगी पिल्लू मिळेल तो घ्या.

आधीचा मँटिस खाद्याच्या किंवा जागेच्या अडचणीने गेला असेल, तर भुताळी मँटिसकडे बघा. फायलोक्रेनिया पॅराडॉक्सा हे त्याचं शास्त्रीय नाव, मूळ मुलूख आफ्रिका आणि मादागास्कर. वाळक्या, चुरगळलेल्या पानाचं सोंग इतकं बेमालूम की बरणीत आहे की नाही हे शोधावं लागतं. पाचेक सेंटीमीटरचा, जागा थोडी लागते, खाणं बेताचं, आयुष्यभर माशांवर राहू शकतो. देखण्या जातींमध्ये एवढी सोपी दुसरी नाही. पण तो भित्रा आहे. मोठा रातकिडा अंगावर आला तर शिकार करायचं सोडून मागे सरकतो. माशा मिळत असतील तरच घ्या. ओलावा ५० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा आणि त्याला त्याच्या गतीने खाऊ द्या. ही जात एकमेकांना कमी खाते म्हणून काही जण एकत्र ठेवतात. एक नुकताच गमावलेला असताना तो जुगार कशाला? एक बरणी, एक मँटिस, हा नियम सगळ्याच जातींना लावा.

तुमच्या भागात आढळणारी एखादी स्थानिक जात हाही चांगला पर्याय. चिनी मँटिस आणि युरोपी मँटिस जिथे मुळात आढळतात किंवा शंभरहून जास्त वर्षं रुळले आहेत तिथे ते काहीही तक्रार न करता वाढतात. युरोपी मँटिस उत्तर अमेरिकेत १८९९ साली पोचला आणि १९७७मध्ये अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याचा राज्यकीटकही झाला. मात्र बाहेरून पकडलेला पंखवाला मँटिस आणला तर त्याचं किती आयुष्य उरलंय ते सांगता येत नाही, आणि त्याच्या पोटात केसासारखा लांब परजीवी जंत असण्याचा धोका राहतो. पिल्लू पकडा किंवा घरात पैदास झालेलं घ्या.

आता नको त्या जाती. ऑर्किड मँटिस सगळ्यांना हवा असतो, फुलासारखा गुलाबी-पांढरा. त्याला ६० ते ८० टक्के ओलावा, तरीही खेळती हवा, आणि शक्यतो उडणारी शिकार लागते. कात टाकताना गेलेल्या मँटिसनंतर हा आणणं म्हणजे जिथे हात भाजला तिथेच पुन्हा ठेवणं. व्हायोलिन मँटिस, गॉन्गिलस गॉन्गिलोडेस, स्वभावाने गरीब, पण ३० अंशांच्या वरची कोरडी ऊब आणि रोज उडणाऱ्या माशा मागतो. इडोलोमँटिस डायबोलिका तर अनुभवी पाळणाऱ्यांचाही घाम काढतो. त्याला ऊब भरपूर लागते आणि शेवटच्या एक-दोन काती त्याला जड जातात. वाळक्या पानाचे मोठे मँटिस, म्हणजे डेरोप्लॅटिस, मधल्या फळीत येतात. हिएरोडुलाची एक मादी पूर्ण आयुष्य सांभाळलीत की त्यांच्याकडे वळा.

पायरी ५ : वय आणि लिंग

चौथ्या किंवा पाचव्या टप्प्यातलं पिल्लू घ्या, विक्रेते त्याला एल-४, एल-५ म्हणतात. एल-१ म्हणजे अंड्यातून नुकतंच निघालेलं आणि प्रत्येक कातीनंतर आकडा एकाने वाढतो. एल-१, एल-२ स्वस्त असतात, पण ती मरतातही. दुसऱ्या टोकाला, प्रौढ मँटिस दिसायला रुबाबदार, पण त्याच्याबरोबर थोडेच महिने मिळतील. अंडीकोष तर चुकूनही घेऊ नका. एका सकाळी शंभर तोंडं उघडतील.

मादी जास्त जगते, म्हणून मिळाली तर मादी. पिल्लू थोडं मोठं झालं की पोटाच्या खालच्या बाजूचे खंड मोजता येतात : मादीचे सहा दिसतात, नराचे आठ. नराचं पोट सडपातळ आणि मिशा बहुधा जाड, लांब. पारदर्शक बरणीत तो भिंतीवर चढला की भिंगातून किंवा फोनवर फोटो मोठा करून मोजा, हातात धरून नको.

पायरी ६ : घेताना काय बघायचं, काय विचारायचं

पिल्लू छताला लटकून असावं, तळाशी पसरलेलं नको. सहाही पाय सरळ, डोळे स्वच्छ, पोट ना चपटं ना फुगलेलं. बोट जवळ नेलं की मान वळली पाहिजे. एखादा मागचा पाय तुटलेला असेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर घ्यायला हरकत नाही. पिल्लाचा पाय पुढच्या कातींत पुन्हा वाढतो. पुढचा शिकारीचा पाय वाकडा असेल तर नको.

विक्रेत्याला चार गोष्टी विचारा : शेवटची कात कधी टाकली, सध्या काय खातो, कुठल्या तापमानात आणि ओलाव्यात ठेवला होता, आणि पैदास घरातली आहे का. याची उत्तरं पटापट न देणाऱ्याकडून घेऊ नका. परदेशी जाती पाळायला किंवा मागवायला काही देशांत परवाना लागतो, तोही आधीच बघून घ्या. आणि नंतर कंटाळा आला म्हणून परदेशी जात बागेत सोडायची नाही, कुठल्याच देशात नाही.

पायरी ७ : घर लावा

उंची मँटिसच्या शरीराच्या किमान तिप्पट, रुंदी किमान दुप्पट. म्हणजे वाढलेल्या हिएरोडुलाला तीसेक सेंटीमीटर उंच घर, भुताळीला पंधरा ते वीस पुरे. छताला आतून मऊ कापडी जाळी ताणून लावा. धातूची जाळी दिसायला मजबूत, पण तिच्यात पायांची नाजूक टोकं अडकतात, झिजतात. हवेसाठी वरच्या जाळीबरोबर एका बाजूलाही जाळीची खिडकी असू द्या. दोन-तीन तिरप्या काटक्या बस झाल्या. त्या वरच्या अर्ध्या भागात गर्दी करणार नाहीत असं बघा, नाहीतर कात टाकायला मोकळी जागा उरणार नाही.

तळाला टिश्यू पेपर. कोकोपीट सुंदर दिसतं, ओलावाही धरतं, पण बुरशी आणि सांडलेलं खाद्य त्यात लपतं. आधीचा संसर्गाने गेला असेल तर निदान पहिले दोन महिने कागदच.

पिल्लू लहान असताना मोठ्या घरात सोडू नका, शिकार त्याला सापडत नाही. आधी छोटी बरणी, मग दोन-तीन कातींनंतर मोठं घर.

पायरी ८ : पहिले आठवडे

आल्या दिवशी भिंतीवर बारीक फवारा मारा, थेंब पिऊ द्या, आणि एकटं सोडा. खाणं दुसऱ्या दिवशी. शिकार त्याच्या शरीराच्या साधारण निम्म्या लांबीची, त्याहून मोठी नको. लहान पिल्लाला रोज किंवा दिवसाआड, प्रौढाला दोन-तीन दिवसांनी एकदा. वेळापत्रकापेक्षा पोट बघा : चपटं तर द्या, गोल तर थांबा. फवारा दिवसातून एकदा, थेट अंगावर नको.

मग एक दिवस तो खाणं बंद करेल. नुकताच एक गमावलेला माणूस इथे घाबरतो आणि चिमट्याने तोंडाशी खाद्य नेत राहतो. नेमकं तेच करायचं नाही. पोट भरलेलं, छताला लटकलेला, सुस्त, शिकार दिसली तरी मागे सरकतो, ही कात जवळ आल्याची खूण आहे. शेवटच्या कातीआधी पाठीवरच्या पंखांच्या कळ्या फुगलेल्या दिसतात आणि उपास आठवडाभर किंवा त्याहूनही जास्त चालतो. उरलेली शिकार बाहेर काढा, फवारा थोडा वाढवा, बरणी हलवू नका, झाकण उघडू नका. कात टाकून झाल्यावर अंग घट्ट व्हायला निदान एक दिवस द्या. मोठ्या जातीला दोन. त्याआधी हातावर घेणं नाही आणि खायला देणं नाही. एखादा पाय किंचित वाकडा राहिला, तरी खाता-चालता येत असेल तर पुढच्या कातीत तो बराचसा सुधारतो. मात्र शेवटच्या कातीत राहिलेला दोष कायमचा. तेव्हा अशा मँटिसला शिकार चिमट्याने भरवावी लागते आणि चढायला जास्त काटक्या द्याव्या लागतात.

मादी असेल तर प्रौढ झाल्यावर काही आठवड्यांनी ती काटकीला किंवा छताला फेसाचा गोळा लावेल आणि तो वाळून घट्ट होईल. नराशी भेट झालेली नसतानाही अंडीकोष घातला जातो. आजार समजू नका, काटक्या भरपूर ठेवा आणि घालून झाल्यावर पाणी आणि खाणं थोडं वाढवा. बहुतेक जातींत त्यातून काही निघत नाही. पण मायोमँटिस काफ्रासारख्या एखाद्या जातीत नराशिवायही पिल्लं निघू शकतात. ती जात घेतली असेल तर कोष काढून बारीक जाळीच्या वेगळ्या डब्यात ठेवा आणि फळमाशांची एक बाटली तयार असू द्या.